आधी जागा, मग मशीन

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं आणि आक्षी मागे पडली की नागाव सुरू होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या, वाडीत विहीर, विहिरीमागे घर, आणि पश्चिमेकडच्या वाड्यांपलीकडे समुद्र. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी हा रस्ता भरून जातो. पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची घरगुती सोय हा गावाचा आजचा मोठा व्यवसाय, त्याचे फलक जागोजागी दिसतात. पण यातल्या काही घरांत माडीवर किंवा ओटीलगतच्या खोलीत आणखी एक व्यवसाय चालतो, त्याला फलक नसतो. कोणी व्हिडिओ एडिट करतं, कोणी कोड लिहितं, कोणी मुंबईतल्या ऑफिसांची ड्रॉइंग करून देतं. २०२०च्या टाळेबंदीत शहरातून गावी आलेल्यांपैकी काही जण पुन्हा शहरात गेलेच नाहीत. त्यांच्या घरात कॉम्प्युटर हे पोटापाण्याचं साधन आहे.

माझी बहीण नागावला दिलेली. तिची थोरली मुलगी वास्तुविशारदांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं करते, त्याला रेंडर म्हणतात. घर बांधण्याआधी ते कसं दिसेल, सकाळचं ऊन कोणत्या भिंतीवर पडेल, हे ग्राहकाला दाखवणारी चित्रं आणि छोट्या फिल्म. धाकटा कॉलेजात आहे आणि रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळतो. दोघांत मिळून एक डेस्कटॉप घ्यायचा, दिवसा तिचं काम आणि रात्री त्याचा खेळ, असं २०२५च्या उन्हाळ्यात घरात ठरलं. तयार ब्रँडेड पीसी नको, एकेक भाग निवडून असेंबल करायचा, यावरही दोघांचं एकमत होतं. मी तंत्रज्ञानावर बरीच वर्षं लिहिते आहे, म्हणून भाचीने भागांची यादी माझ्यापुढे ठेवली. प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, सगळं मॉडेल नंबरासकट लिहिलेलं होतं.

"मशीन ठेवणार कुठे?" मी विचारलं.

"माडीवर, समुद्राकडच्या खिडकीपाशी. तिथे वारा छान येतो, मावशी."

यादीत काही चूक नव्हती. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटसाठी ती उत्तमच होती. पण तो वारा समुद्रावरून येतो, त्या खोलीतली वीज जुन्या वायरिंगमधून येते, आणि बिघडलेला भाग बदलून घ्यायला खाडी किंवा घाट ओलांडावा लागतो. नागावात कॉम्प्युटर जमवायचा तर या तीन गोष्टी यादीत सर्वांत वर हव्यात. आम्ही यादी बाजूला ठेवली आणि आधी घर पाहायला घेतलं.

वेधशाळेचा धडा

यंत्राआधी जागेचा विचार करण्याचा सर्वांत मोठा दाखला नागावपासून जवळ, अलिबागेतच उभा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाब्याची नाजूक उपकरणं चुकीची मोजमापं दाखवतील, हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी वेळीच ओळखलं आणि खाडीपलीकडे अलिबागेत नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४मध्ये ती सुरू झाली. इमारतीत लोखंड वापरलं नाही, चुंबकत्व नसलेला दगड निवडून आणला. दोन्ही ठिकाणची मोजमापं जुळतात का हे पाहण्यासाठी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी नोंदी घेतल्या. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर अलिबागचं काम मार्गी लागलं होतं. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

मूस यांना उपकरणासाठी जागा बदलता आली. आपल्याला राहतं घर बदलता येत नाही, म्हणून जागेला झेपेल असं मशीन निवडायचं. पण विचाराचा क्रम तोच: आजूबाजूला काय आहे, त्याचा यंत्रावर काय परिणाम होईल, आणि तो आधीच कसा टाळता येईल.

खारा वारा

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पंख्यातून कॅबिनेटमध्ये ओढले जातात आणि बोर्डावर, रॅमच्या खाचांत, ग्राफिक्स कार्डाच्या कडांवर बसतात. कोरडं मीठ फारसं नुकसान करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतः विरघळू लागतं. मग बोर्डावर खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो वीज वाहतो आणि तांबं-कथलाला खातो. नागावात पावसाळ्याचे चार महिने हवा या पातळीच्या वरच असते, आणि इतर ऋतूंतही पहाटे-रात्री ती तिथवर पोचते. घाटमाथ्यावर दहा वर्षं टिकणारा बोर्ड किनाऱ्यावर अकाली का दगावतो, त्याचं कारण हे.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे: मशीन खिडकीपासून दूर, घराच्या आतल्या बाजूच्या भिंतीला ठेवा. दुसरा उपाय रोज चालू ठेवण्याचा. चालू कॉम्प्युटरच्या आतली हवा खोलीपेक्षा काही अंश गरम असते, त्यामुळे तिथली सापेक्ष आर्द्रता खाली येते आणि बोर्ड कोरडा राहतो. किनाऱ्यावर रोज राबणाऱ्या मशीनपेक्षा महिनोन्‌महिने झाकून ठेवलेलं मशीन लवकर खराब होतं. प्लास्टिकचं आवरण घालून ओल आत कोंडू नये. एसीच्या खोलीत आणखी एक काळजी लागते. रात्रभर थंड झालेल्या खोलीची दारं-खिडक्या सकाळी एकदम उघडली की बाहेरची दमट हवा गार धातूवर येते आणि त्यावर दव धरतं. खोली सामान्य तापमानावर येऊ द्यावी, मग मशीन सुरू करावं.

कॅबिनेट निवडताना भाच्याचं लक्ष काचेच्या बाजूवर आणि रंगीत दिव्यांवर होतं. आम्ही जाळी पाहिली. समोरून हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त असावेत, आणि आत येणारी सगळी हवा काढून धुता येणाऱ्या फिल्टरमधून यावी. असं केलं की आत हवेचा किंचित दाब राहतो आणि फटींतून धूळ, वाळू, मुंग्या आत शिरायला जागा कमी उरते. पाठीमागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या काढून टाकू नयेत. वाडीतल्या घरात पालीला आणि मुंग्यांना गरम, अंधारी, कोरडी जागा आवडतेच. गंज आणि किडा-मुंगीमुळे झालेला बिघाड कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, हे खरेदीआधीच माहीत असलेलं बरं.

याच विचाराने पाण्यावर चालणारा लिक्विड कूलर आम्ही घेतला नाही. त्याचा पंप बिघडला तर भाग मुंबईहून येईपर्यंत काम ठप्प. साध्या हवेच्या कूलरला एक पंखा आणि एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, आणि पंखा कुठेही मिळतो.

माडीवरची वीज

दुसरी पाहणी वायरमनला घेऊन केली. माडीवरच्या सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्यात अर्थिंगची वायर पोचलेलीच नव्हती. कोकणातल्या अनेक जुन्या घरांत, नंतर वाढवलेल्या मजल्यांवर, असं आढळतं. पंख्याला आणि दिव्याला त्याने फरक पडत नाही. कॉम्प्युटरला पडतो. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, आत येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्या धातूवर साधारण निम्मा, म्हणजे शंभर व्होल्टच्या वरचा दाब तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असतो, म्हणून हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण तोच दाब एचडीएमआयच्या केबलमधून मॉनिटरकडे आणि यूएसबीमधून बाकीच्या उपकरणांकडे जातो आणि पोर्ट जाळतो.

वायरमनने खालच्या अर्थिंगपासून माडीपर्यंत नवी वायर ओढली आणि कॉम्प्युटरसाठी वेगळ्या एमसीबीवर वेगळी लाइन दिली, कारण विहिरीचा पंप सुरू झाला की जुन्या लाइनवरचे दिवे क्षणभर मंद होत. कोळसा-मिठाच्या जुन्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा, असंही त्याने बजावलं. कोरड्या वाळूतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. हा सगळा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या किमतीच्या तुलनेत अगदी थोडा झाला, आणि इंटरनेटवरच्या कुठल्याही यादीत तो नव्हता.

मग एसएमपीएस. स्थानिक बाजारात कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा, डब्यावर मोठा आकडा छापलेला एसएमपीएस हा असेंबल्ड पीसीचा सर्वांत जुना रोग आहे. आम्ही बेरीज मांडली. प्रोसेसर पूर्ण भाराला नव्वद वॉटच्या आसपास, ग्राफिक्स कार्ड १८० वॉट, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून पन्नास-साठ. एकूण साधारण सव्वातीनशे वॉट. यासाठी नामांकित कंपनीचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा ६५० वॉटचा एसएमपीएस घेतला. निम्म्या भारावर चालताना तो कार्यक्षम असतो, कमी तापतो, आणि पुढे मोठं कार्ड घालायला वाव राहतो. दर्जेदार एसएमपीएसला पाच ते दहा वर्षांची वॉरंटी मिळते, म्हणजे बाकी सगळं बदललं तरी हा भाग राहतो.

लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठवणीवर किती वेळ तग धरतो? एटीएक्स मानकाप्रमाणे भारानुसार १२ ते १७ मिलिसेकंद. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एक आवर्तनही पुरतं भरत नाही. सेकंदाला साठ फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम जवळपास इतकाच वेळ पडद्यावर असते. यूपीएसला एवढ्याशा फटीत बॅटरीवर जावं लागतं. घरातला साधा इन्व्हर्टर पुष्कळदा याहून जास्त वेळ घेतो आणि मशीन बंद पडतं. काही इन्व्हर्टरना वेगळा यूपीएस मोड असतो, तो लावला तर निभावतं.

यूपीएसच्या खरेदीत लोक व्हीए आणि वॉट यांत गफलत करतात. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. आमच्या मशीनची सव्वातीनशे आणि मॉनिटरची तीस-चाळीस वॉट धरली तर तो अगदी काठावर येतो, आणि नेमका रेंडर ऐन भरात असताना, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या क्षणी, दगा देतो. आम्ही १००० व्हीएचा, ६०० वॉट देणारा घेतला. त्याची बॅटरी उष्णतेने लवकर उतरते, म्हणून तो मशीनच्या गरम हवेपासून बाजूला ठेवला, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची हे खर्चात धरलं. इंटरनेटच्या राउटरलाही छोटा यूपीएस लावला. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि इंटरनेट बंद, अशा अवस्थेत ना काम पोचवता येतं ना खेळता येतं.

काम दिवसाचं, खेळ रात्रीचा

आता यादीकडे वळलो. भाचीचं काम दोन प्रकारचं आहे. स्केचअपसारख्या प्रोग्रॅममध्ये मॉडेल उभारताना मुख्यतः प्रोसेसरचा एकच कोअर राबतो, तो जितका वेगवान तितकं मॉडेल हलकेपणाने फिरतं. चित्र रेंडर करताना मात्र ब्लेंडरचं सायकल्स किंवा डी५ यांसारखी साधनं सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतात. भाच्याचा मुख्य खेळ व्हॅलोरंट, तो हलक्या मशीनवरही चालतो. सुट्टीत मोठे, दृश्यांनी भरलेले गेम.

भाच्याला रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी हवा होता. त्यातली ९६ मेगाबाइटची एल३ कॅश गेमना खरोखर वेग देते. पण ती जास्तीची कॅश त्याच्या बहिणीच्या रेंडरला फारशी उपयोगी नाही, आणि त्या किमतीच्या फरकात यूपीएस येत होता. आम्ही आठ कोअरचा रायझन ७ ७७०० घेतला. त्याचाच भाऊ ७७००एक्स फक्त किंचित वेगवान आहे, पण त्याचा कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा ६५ ऐवजी १०५ वॉट आहे आणि त्याच्या खोक्यात कूलर येत नाही. ७७०० बरोबर चांगला कूलर मिळतो. दमट खोलीत कमी तापणारा प्रोसेसर हाच शहाणपणाचा.

बोर्ड एएम५ सॉकेटचा. २०२२मध्ये आलेलं हे सॉकेट २०२७पर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवू, असं एएमडीने सांगितलं आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचा अनुभव आश्वासक आहे: २०१७च्या अनेक बोर्डांवर, बायॉस अपडेट करून, २०२२चा ५८००एक्सथ्रीडी चालला. तेव्हा काही वर्षांनी भाचा फक्त प्रोसेसर बदलून त्याचा आवडता एक्सथ्रीडी बसवू शकेल, हे त्याला पटलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास झाला, कंपनीने २०२४मध्ये त्यावर मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. वापरलेला प्रोसेसर स्वस्तात घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

ग्राफिक्स कार्डावर सर्वांत जास्त बोलणं झालं. यादीत आरटीएक्स ५०७० होतं. ते वेगवान, पण मेमरी १२ जीबी आणि वीज २५० वॉट. त्याहून स्वस्त आरटीएक्स ५०६० टीआय मंद, पण मेमरी १६ जीबी आणि वीज १८०. रेंडरमध्ये संपूर्ण दृश्य, म्हणजे झाडं, फर्निचर, दगडाचा पोत, सगळं कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. मावलं तर रेंडर दहा मिनिटं जास्त घेईल. मावलं नाही तर वेग एकदम कोसळतो किंवा रेंडर होतच नाही. भाचीने तिचं सर्वांत जड जुनं काम उघडून मेमरीचा वापर मोजला आणि १६ जीबीचं कार्ड ठरलं. हेच नाव ८ जीबीच्या कार्डालाही आहे, तेव्हा बिलावर आकडा तपासूनच पैसे द्यावेत. १०८० रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर भाच्याच्या खेळाला हे कार्ड भरपूर होतं. त्याला खरा फरक जाणवला तो पिंगमध्ये. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, आणि घरात फायबर आल्यावर खाडीपलीकडच्या सर्व्हरशी त्याचा खेळ सुरळीत चालतो.

रॅम आधी १६-१६च्या दोन पट्ट्या घेऊन पुढे आणखी दोन वाढवायचा बेत होता. एएम५वर चार पट्ट्या लावल्या की रॅमचा वेग बराच उतरतो. एएमडी चार पट्ट्यांसाठी अधिकृतपणे ३६०० इतकाच वेग देते, तर दोन पट्ट्या ६०००ला सहज चालतात. म्हणून एकदाच ३२-३२च्या दोन घेतल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून जगभर रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. परदेशातल्या कंपन्यांच्या निर्णयांची झळ नागावच्या माडीपर्यंत येते, ती अशी. आता मशीन जमवणाऱ्याने रॅमचा भाव आधी विचारावा आणि बाकीचं बजेट त्यावरून आखावं.

लॅमिंग्टन रोड ते कार्लेखिंड

भाग घ्यायला मुंबईत, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. नाव बदलून दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, तरी सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांचा हा बाजार पुढे कॉम्प्युटरचा झाला. १९८१च्या आयबीएम पीसीची रचना खुली होती, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना जुळू लागले. १९९५च्या एटीएक्स मानकाने बोर्डाचे स्क्रू आणि एसएमपीएसची जागाही ठरवून दिली. आपल्याकडे १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत सामील झाल्यावर २००५पर्यंत यातल्या बहुतेक वस्तूंवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. मध्यमवर्गीय मराठी घरातला पहिला कॉम्प्युटर बहुतेक वेळा असेंबल्ड असायचा, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

दुकानात आम्ही तीन गोष्टी धरून ठेवल्या. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर हवा. वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठे, हे तोंडी न घेता लेखी हवं. आणि पैसे देण्याआधी टेबलावरच बोर्डाला प्रोसेसर, रॅम, कार्ड लावून डिस्प्ले आलेला पाहायचा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. विनाबिल स्वस्त मिळणारं कार्ड घेऊ नये, कारण ते कुठे आणि किती राबलेलं आहे हे कळायला मार्ग नसतो. भाचीचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असता तर कामासाठी घेतलेल्या मशीनवरचा १८ टक्के कर तिला वळता करून घेता आला असता; ज्यांची नोंदणी आहे त्यांनी बिल व्यवसायाच्या नावाने घ्यावं.

खोकी घेऊन अटल सेतूवरून, वडखळ, पोयनाड आणि कार्लेखिंड करत गाडी नागावला आली. जड ग्राफिक्स कार्ड बोर्डाला लावलेल्या स्थितीत या रस्त्यावर आणू नये, हिसक्यांनी स्लॉट तुटतो. म्हणून सगळे भाग आपापल्या खोक्यातच ठेवले होते.

मशीन भावंडांनी घरीच जोडलं, जेवणाच्या टेबलावर. एएम५मध्ये बारीक पिना सॉकेटमध्ये असतात, एखादी वाकली तर बोर्ड गेला. भाचीने प्रोसेसर दोन्ही कडांनी धरून सरळ खाली ठेवला, दाब दिला नाही. बटण दाबल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहिला आणि भाचा घाबरला. पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमची जुळवणी होत असते, तेवढा वेळ थांबायचं असतं. मग डिस्प्ले आला. दोघांच्या वडिलांनी मागून विचारलं, "बिघडलं तर उघडता येईल का तुम्हाला?" दोघं एकदम म्हणाले, "हो बाबा, आम्हीच तर जोडलं."

पावसाळ्याची परीक्षा

त्या वर्षी परीक्षा लवकर आली. मोसमी पाऊस मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमारास येतो, २०२५मध्ये तो २६ मेलाच पोचला. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणारी रो-रो चालू राहते, नाही तर रस्ता. एखादा भाग त्याच दिवशी बदलून आणणं या काळात अवघड, म्हणून काही सुटे भाग घरात हवेत: एक जादा पंखा, एक यूएसबीवर विंडोजची प्रत, थर्मल पेस्ट. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. महिन्यातून एकदा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवायचा. गडगडाट ऐकू आला की प्लग आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढायच्या. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते.

आणि बॅकअप. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं तेव्हा ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने इथल्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या, छपरं उडवली, आणि काही गावांत आठवडे उलटले तरी वीज आली नव्हती. पिढ्यांनी लावलेली झाडं एका दुपारी गेली. ज्या घराने हे पाहिलं त्याला बॅकअपचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. भाचीचं चालू काम एसएसडीवर, त्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून खाली कपाटात जाते. मशीनचा प्रत्येक भाग पुन्हा विकत मिळतो, काम मिळत नाही.

खर्चाचा क्रम

अशा मशीनला २०२५च्या उन्हाळ्यात सगळं धरून साधारण मध्यम मोटारसायकलीइतके पैसे लागत, आणि असे पैसे बहुतेक घरांत जपून जमवलेले असतात. म्हणून कोकणातल्या कोणत्याही घराला मी खर्चाचा हा क्रम सुचवेन. आधी अर्थिंग, वेगळी लाइन आणि यूपीएस. मग एसएमपीएस आणि हवा नीट खेळणारं कॅबिनेट. मग ज्या कामातून पैसे येतात ते काम मोजून, त्याला लागेल तेवढी मेमरी आणि तेवढं ग्राफिक्स कार्ड. मग पुढे बदलता येईल असा बोर्ड आणि त्यावर सध्या पुरेल तो प्रोसेसर. खेळ या सगळ्यात आपोआप बसतो, कारण रेंडर करणारं मशीन खेळही चालवतंच. दिवे आणि काच पैसे उरले तर.

कोकणातली मुलं शिकून मुंबईला जातात आणि वाड्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती राहतात, हे आपण कित्येक पिढ्या पाहत आलो. आज काम फायबरमधून गावापर्यंत येऊ शकतं. ते गावात टिकण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: दमट हवेत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या विजेत टिकणारं मशीन, आणि ते स्वतः उघडून दुरुस्त करू शकणारी माणसं. पहिली गोष्ट पैशाने मिळते. दुसरी शिकवावी लागते. गावच्या शाळेतल्या संगणकाच्या खोलीत मुलांना टायपिंगबरोबरच कॅबिनेट उघडायला, रॅम काढून पुसून परत बसवायला, अर्थिंग तपासायला शिकवलं, तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक गावात असं मशीन उभं करू शकणारे चार-पाच जण तयार होतील. माझ्या भाचीकडे आता शेजारच्या वाड्यांतली मुलं भागांची यादी घेऊन येतात. ती यादी हातात घ्यायच्या आधी त्यांच्या घरी जाते, आणि सॉकेटचं तिसरं भोक तपासून मगच प्रोसेसरविषयी बोलते.